गावच्या शहीद स्मारकावर महादेवाची पिंड कोरावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की वाई तालुक्यातल्या तुमच्या गावात शहीद जवानांचं स्मारक होतंय, काहीजणांना त्यावर महादेवाची पिंड हवी आहे आणि काहींचं म्हणणं, स्मारकात देवधर्म आणू नका. बरोबर कोण?

मी पलटणीत १७ वर्षं काढली. गाव कोरेगाव तालुक्यातलं. आमच्याकडे स्मारक बांधताना हाच वाद झाला होता आणि दोन महिने काम थांबलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक करा. दोन्ही बाजूंची चार माणसं बरोबर घ्या आणि सकाळी लवकर किकलीला जा. तुमच्याच तालुक्यात आहे. भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ आहेत, एकदोन नव्हे, पुष्कळ. ऊन तिरकं असतानाच कोरीवकाम नीट दिसतं, डोक्यावर ऊन आलं की दगड सपाट वाटायला लागतो. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. आपली शहीद स्मारकाची जुनी रीत हीच, शिलाहार-यादवांच्या काळातली, आणि त्यावर देव आहेतच.

पण देव कुठे आहेत ते बघा. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली वीर आडवा पडलेला. पुष्कळदा त्याच्याशेजारी गाई असतात, म्हणजे गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो गेला. त्याच्या वर लढाई, ढाल-तलवार, कुठे घोडेस्वार. त्यावर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला धरून वर नेतायत. सगळ्यात वर पिंड, आणि तिच्यासमोर तोच माणूस हात जोडून बसलेला, आता जखम नाही, शस्त्र नाही. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याचं नाव राहील, असा त्याचा अर्थ.

म्हणजे चारही चौकटींत माणूस एकच आहे. पिंड आहे ती तो मरणानंतर देवापाशी पोचला हे दाखवायला. आणि ती पिंडच असते असंही नाही. दक्षिणेकडे जैन वीरांच्या दगडांवर त्या जागी जिनमूर्ती, म्हणजे तीर्थंकराची मूर्ती सापडते. वरची चौकट त्या माणसाच्या श्रद्धेची, गावातल्या बहुमताची नव्हे. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

आमच्या गावातही मारुतीच्या देवळामागे असा एक दगड होता. आम्ही लहानपणापासून त्याला ‘विराचा दगड’ म्हणायचो, लग्नाआधी नारळ फोडायचो, पण तो कुणाचा ते कुणालाच माहीत नव्हतं. स्मारकाच्या निमित्तानं त्याच्याभोवतीची माती काढली. वीतभर खाली गेल्यावर सगळ्यात तळाची चौकट निघाली. तीन गाई, एकीची मान मागे वळलेली, पडलेल्या माणसाकडे. शेंदूर न लागलेला तो एवढाच भाग, छिन्नीचे घाव अजून दिसत होते. त्या दिवशी खड्ड्याभोवती पंधरावीस माणसं होती, कुणी बराच वेळ बोललं नाही. यानं गुरं वाचवली म्हणून ज्या गावानं दगड उभा केला, त्याच गावाला आज त्याचं नाव सांगता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही, हे त्यांचं मोठं दुःख आहे.

म्हणून तुमच्या स्मारकावर पहिला मान नावांना द्या. अपशिंगे मिलिटरी या गावाचं उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आमच्या यादीतलं सगळ्यात जुनं नावही त्याच महायुद्धातलं, मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथलं सैन्य शरण गेलं आणि पुढे कैदेत कितीतरी माणसं मेली. तिकडे गेलेल्या आमच्या माणसाचा देह आला नाही, अस्थीही नाहीत. त्याच्या घरच्यांना हात लावायला फक्त स्मारकाचा दगड आहे.

आता आम्ही काय ठरवलं ते. यादीत १९६५ च्या लढाईतला एक मुसलमान जवान आहे. त्याचा पुतण्या समितीत होता. पिंडीचा विषय निघाला की तो गप्प बसायचा, आणि त्याचं ते गप्प बसणं मला फार लागायचं. पलटणीत मंदिर परेडला, म्हणजे पलटणीच्या सामूहिक प्रार्थनेला, आम्ही सगळे एकत्र उभे राहिलो आहोत, तिथे कुणाला कधी परकं वाटू दिलं नाही. मग गावात का? शेवटी माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश घेतला, पिंड घेतली नाही. तळाला गाईंची ती चौकट वीरगळावरून पाहून पुन्हा कोरून घेतली. पुतण्यानं स्वतः सांगितलं, चंद्र-सूर्य आमचेही आहेत.

तेव्हा तुमच्या यादीतले सगळे पिंडीपुढे हात जोडणारे असतील आणि त्यांच्या घरच्यांना हवी असेल, तर पिंड बेशक कोरा, परंपरा तुमच्या बाजूनं आहे. एकाच्याही घरची अडचण असेल तर कोरू नका. धर्मातलं चिन्ह घ्यायचंच असेल तर परमवीर चक्र बघा. सावित्रीबाई खानोलकरांनी ते पदक घडवताना त्यावर इंद्राची चार वज्रं घेतली. ज्या दधीची ऋषीनं आपली हाडं दिली त्याच्या हाडांचं वज्र. ते पदक कुठल्याही धर्माच्या जवानाच्या छातीवर शोभतं.

दगडाचं म्हणाल तर चकचकीत फरशीवर रंगानं लिहिलेली नावं घेऊ नका, उन्हापावसात उडतात. आपला काळा पाषाण घ्या आणि अक्षरं खोल कोरून घ्या. यंत्रापेक्षा हातानं कोरणारा पाथरवट मिळाला तर थोडं थांबा पण त्याच्याकडूनच करून घ्या. नावाखाली पलटण, लढाई आणि साल हवंच. घरच्यांना दाखवल्याशिवाय एकही नाव कोरू देऊ नका, आमच्याकडे एका जवानाच्या वडिलांचं नाव चुकलं होतं, ते त्याच्या बहिणीच्या लक्षात आलं.

आणि गावात जुना वीरगळ असेल तर सुशोभीकरणाच्या नावाखाली त्याला ऑइल पेंट लावू देऊ नका, सिमेंटमध्ये बसवू देऊ नका. आमच्या वीरगळाच्या मधल्या दोन चौकटी रंगाखाली बुजल्या आहेत, लढाईतला घोडा आता हातानं चाचपल्यावरच कळतो. नवं स्मारक त्याच्याजवळच बांधा, आम्ही तसंच केलं. १५ ऑगस्टला आधी विराच्या दगडाला हार घालतो, मग झेंडा.