परिषद घ्या, पण साक्षीदाराच्या खुर्चीपासून सुरुवात करा

प्रश्न: आदरणीय मॅडम, आम्ही नागपूरचे काही तरुण वकील मिळून फेब्रुवारीत दोन दिवसांची परिषद घ्यायच्या विचारात आहोत. विषय आहे, परदेशातल्या साक्षीदाराची व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष. उद्घाटन, बीजभाषण, चार परिसंवाद आणि समारोप असा आराखडा झाला आहे. वक्त्यांची यादी सोबत जोडली आहे. यात काय सुटतंय?
(एक वकील, सिव्हिल लाइन्स)

उत्तर: यादी भारदस्त आहे, पण साक्ष नोंदवताना प्रत्यक्ष राबणारा एकही माणूस तीत नाही. कोर्टाचा सिस्टिम ऑफिसर नाही, स्टेनो नाही, दुभाषी नाही. पलीकडच्या टोकाला साक्षीदाराशेजारी जो अधिकारी बसतो, त्याचंही नाव नाही. सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीच्या (कोर्टांच्या संगणकीकरणाचं काम पाहणारी समिती) २०२०च्या नमुना नियमांप्रमाणे साक्षीदार परदेशात असला की तिथल्या भारतीय दूतावासातला किंवा वाणिज्य दूतावासातला अधिकारी समन्वयक असतो. साक्षीदाराला कोणी पढवत नाही ना, हे त्यानेच पाहायचं असतं. अशा कामातून निवृत्त झालेला एखादा अधिकारी मिळाला, तर त्याला तासभर द्या आणि बीजभाषण निम्मं करा.

मुळात अशी साक्ष चालते का, यावर अख्खं सत्र घालवू नका. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००३ सालीच ते मिटवलं. तिथे साक्षीदार न्यूयॉर्कचे डॉक्टर होते. पुढे २०१६ मध्ये २६/११ च्या हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीची साक्ष अमेरिकेतून मुंबईच्या विशेष न्यायालयात झाली, ती देशभर गाजली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ५३० तर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने साक्ष घ्यायला थेटच परवानगी देतं. एवढ्याला वीस मिनिटं पुरेत. मात्र देसाई निकालातला एक भाग सभागृहात मोठ्याने वाचा. साक्षीदार ज्या देशात असेल त्याच्याशी आपला प्रत्यार्पण करार असावा आणि तिथे खोटी साक्ष व कोर्टाचा अवमान हे गुन्हे असावेत, हा विचार त्यात आहे. पडद्यावरच्या माणसाने शपथेवर धडधडीत खोटं सांगितलं तर त्याला धरायचं कुठे? उलटतपासणी करणाऱ्याचा सगळा जीव या प्रश्नात असतो. इथे फौजदारीचे दोन ज्येष्ठ समोरासमोर बसवा आणि त्यांना मनसोक्त भांडू द्या.

दुसरं सत्र परवानगीचं. आपल्या कोर्टाने अर्ज मंजूर केला म्हणजे काम झालं, असा समज वकिलांत सर्रास आढळतो आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. साक्षीदार बसलेला असतो दुसऱ्या देशाच्या जमिनीवर. स्वित्झर्लंडमध्ये परक्या देशासाठी परवानगीशिवाय सरकारी स्वरूपाचं काम करणं हा तिथल्या दंडसंहितेच्या कलम २७१ खाली गुन्हा आहे. दिवाणी-व्यापारी बाबींत परदेशातून पुरावा मिळवण्यासाठी १९७०चा हेग पुरावा करार आहे, भारत त्यात २००७ साली सामील झाला. पण उशिरा सामील होणाऱ्या देशाचा संबंध, ज्यांनी त्याचं येणं स्वीकारलं तेवढ्यांशीच जुळतो. म्हणून देशवार तक्ता करा. विदर्भातली मुलं जास्त कुठे आहेत ते बघा आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आखात, ऑस्ट्रेलिया एवढंच आधी घ्या. व्हिडिओ साक्षीवर हेग परिषदेची (हा करार घडवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०२० सालची मार्गदर्शिका आहे, ती ज्युनिअर्सकडून वाचून घ्या.

पहिल्या दिवशी दुपारी मात्र भाषण एकही नको. एक नमुना साक्ष सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. साक्षीदार लंडनचा घ्या. फेब्रुवारीत आपले अडीच वाजले की तिथे सकाळचे नऊ होतात, दोन्हीकडे माणसं ताजी असतात. (न्यूयॉर्कचं गणित अवघड. आपलं कोर्ट अकराला बसतं तेव्हा तिथे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे गेली की आणखी बदल. संध्याकाळी सातला कोर्ट बसवायचं, तर स्टेनो आणि शिपायाच्या जादा वेळेचं काय, हेही परिषदेत बोललं गेलं पाहिजे.)

नमुना साक्षीत एक दस्त नक्की ठेवा. खरी फजिती तिथेच होते. वकील विचारतो, "पान चारवरची सही तुमचीच ना?" तिकडच्या प्रतीत पान चार वेगळंच निघतं, कारण आपल्या फाइलवरचे आकडे कोर्टात टाकलेले असतात. मग साक्षीदार कागद कॅमेऱ्यापुढे धरतो, दिव्याच्या उजेडात सहीची जागा नुसती पांढरी दिसते, आणि न्यायाधीश थांबून राहतात. निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक) टाकलेला एकच संच दोन्ही टोकांना आधी पोचला पाहिजे, हे प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसू द्या. आवाज पोचायलाही क्षणभर लागतो. इकडे "हरकत!" आणि तिकडून "हो" एकमेकांवर आदळतात, तेव्हा स्टेनोने टंकायचं काय? म्हणून नमुना साक्षीला खरा स्टेनो बसवा आणि त्याची नोंद लगेच दुसऱ्या पडद्यावर दाखवा. वऱ्हाडी बोलणारी आई साक्षीदार असेल आणि नोंद इंग्रजीत होणार असेल, तर दुभाष्याने बसायचं कुठे, इथे की तिकडे, तेही त्याच वेळी करून बघा.

कौटुंबिक न्यायालयाचं सत्र वेगळं हवं. नागपुरात परदेशस्थ नवरा-बायकोची प्रकरणं कमी नाहीत, आणि सुप्रीम कोर्टाच्या संथिनी निकालाने (२०१७) तिथे वेगळी वाट आखली आहे: आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला आणि दोघांनी मिळून अर्ज केला तरच व्हिडिओचा विचार. तिथे मुलांशी बोलणारे समुपदेशक बोलवा.

फेब्रुवारी निवडलात ते उत्तम. डिसेंबरात अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सच्या आसपास खोली मिळत नाही, आणि मे महिन्यात बाहेरचा पाहुणा बोलावू नये. जेवणाचं तुम्ही पाहून घ्या, सावजी असेल तर तिखट बेताचं ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काही ठेवू नका, लोकांना गाड्या पकडायच्या असतात.

प्रश्न: माझ्या यजमानांच्या मृत्युपत्रावर पुतण्याने साक्षीदार म्हणून सही केली होती. दुसरे साक्षीदार वारले. पुतण्या आता टोरंटोला आहे. तो घरूनच मोबाइलवर साक्ष देईल का?
(एक वाचक, धरमपेठ)

उत्तर: काकू, आपल्या मनाने घरून नाही. दोघांपैकी एकाची साक्ष पुरते, त्यामुळे पुतण्याची साक्ष तुमच्यासाठी मोलाची आहे, ती ढिली होऊ देऊ नका. तुमच्या वकिलांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा लेखी अर्ज द्यायला सांगा. त्यात साक्षीची जागा म्हणून टोरंटोतला भारतीय वाणिज्य दूतावास सुचवा. कॅनडा हेग पुरावा करारात नाही, त्यामुळे तिथे काही वेगळं लागतं का, हे पुतण्याने दूतावासाला ईमेलने विचारून ते उत्तर अर्जाला जोडावं. मूळ मृत्युपत्र कोर्टातच राहील, त्याची स्वच्छ रंगीत प्रत साक्षीआधी तिकडे पोचवा. पुतण्याचा पासपोर्ट चालू मुदतीचा आहे ना, तेवढं आजच विचारून घ्या.