लहान पिल्लं मोठ्या कोंबड्यांत कधी आणि कशी सोडावीत?

तुम्ही लिहिलंय की परसात चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, बाजारातून तीन आठवड्यांची सहा गिरिराज पिल्लं आणली, आणि सोडल्याबरोबर एका कोंबडीने पिल्लाचं डोकं टोचून रक्त काढलं. आधी ते जखमी पिल्लू बाकीच्यांपासूनही वेगळं ठेवा. लाल रंग दिसला की कोंबड्या तिथेच टोचत राहतात, सोबतची पिल्लंसुद्धा. जखमेला हळद लावा आणि खपली धरेपर्यंत त्याला एकटं राहू द्या.

मी सोलापूरच्या बाळ्यात राहते. कोंबड्या पाळायला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी मीही हेच केलं होतं. तीन आठवड्यांची पाच पिल्लं दुपारी मोठ्यांत सोडली आणि स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा एक मेलेलं होतं. ती चूक अजून मनाला लागते, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

तुमची कोंबडी दुष्ट नाही. कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बे या अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांचं निरीक्षण करून ती पहिल्यांदा मांडली. नवा पक्षी आला की ती पुन्हा ठरते. सारख्या अंगाचे पक्षी झटापट करून मोकळे होतात, पण तीन आठवड्यांच्या पिल्लाला ना झुंजता येतं ना धड पळता. म्हणून वयापेक्षा अंगाकडे बघा. निदान आठ आठवडे होऊ द्या. मोठ्या कोंबडीच्या पाऊण अंगाची झाली की सोडा. गिरिराज भराभर वाढते, त्यामुळे तुम्हाला फार थांबावं लागणार नाही.

तोवर पिल्लं आतच कोंडू नका. आणल्यापासून पहिले तीन आठवडे ती पूर्ण वेगळी ठेवा, कारण बाजारातून काय रोग आलाय हे लगेच दिसत नाही. मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्या. मग परसातच अर्ध्या इंचाची जाळी लावून एक कोपरा पिल्लांना द्या. मोठ्या कोंबड्यांना ती दिवसभर दिसली पाहिजेत, आवाज ऐकू आला पाहिजे, पण चोच पोचता कामा नये. असे दोन आठवडे. सुरुवातीला कोंबड्या जाळीला धडका देतील, नंतर लक्षही देणार नाहीत. माझ्या मते सगळं काम या दोन आठवड्यांतच होतं. जाळी रात्रीसुद्धा पक्की हवी. आमच्याकडे मुंगूस आणि बोका दोघेही येतात.

सोडायच्या दिवशी सकाळी लवकर सोडा आणि निदान तासभर तिथेच बसा. ज्वारी लांबवर फेका, मेथीची जुडी किंवा कोबीचा पाला उंच टांगा, म्हणजे मोठ्यांची चोच कामात राहते. खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, नाहीतर एकच कोंबडी सगळं अडवून बसते. लपायला जागा हवी, पण एकाच तोंडाची नको; कोपऱ्यात सापडलेलं पिल्लू मरतं. मी कडब्याच्या पेंढ्या भिंतीला तिरक्या लावते, दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येतं.

एखादी टोच बसली आणि पिल्लू पळून गेलं, तर मध्ये पडू नका. रक्त आलं किंवा एकच कोंबडी सारखी मागे लागली, तर पिल्लांना नव्हे, त्या कोंबडीला उचलून तीन-चार दिवस वेगळी ठेवा. परत येते तेव्हा ती स्वतःच नवखी असते आणि बरीच नरमते. कधीही एकटं पिल्लू सोडू नका. सहाही एकदम सोडा.

खाद्याची गोष्ट बरेचजण विसरतात. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेयर खाद्यात कॅल्शियम साधारण साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लांना एक टक्का पुरतो. जास्तीच्या कॅल्शियमने त्यांचं मूत्रपिंड बिघडतं. एकत्र आल्यावर सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य द्या आणि कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना गरज असते त्याच खातात.

एप्रिल-मे मात्र टाळा. आपल्याकडे पारा 42-43 वर जातो, कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्यात पाठलाग झाला तर पिल्लू उष्म्यानेच जाईल. पावसाळ्यात ओल्या जमिनीतून रक्ती हगवण येते, तेव्हा अंथरूण कोरडं ठेवा. मी भुईमुगाच्या शेंगांची टरफलं घालते, ओली झाली की लगेच बदलते. मला गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आसपासचे थंडीचे दिवस सगळ्यात सोयीचे वाटतात.

पुढे कधी तुमची गावठी कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली, तर एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवून बघा. घेतली तर सांभाळायचं कामही तीच करते. तीन आठवड्यांची मात्र ती स्वीकारत नाही.

पहिल्या रात्री पिल्लं खुराड्यात जाणार नाहीत, दाराशी एकमेकांना चिकटून बसतील. अंधार पडल्यावर एकेक उचलून आत ठेवा. मोठ्यांना तेव्हा नीट दिसत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. आठवडाभर हे रोज करावं लागतं. आणि पहाटे दार उघडायला उशीर करू नका, बंद जागेतच सगळ्यात जास्त टोचाटोची होते.