गावात उशिरा बसणाऱ्या-बोलणाऱ्या मुलांच्या पालकांचा गट कसा सुरू करावा?

गट नंतर, आधी तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं. सेविकेकडून तारीख घ्या. ती लांब असेल तर आशाताईंना घेऊन थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (जिथे अशा मुलांची तपासणी आणि थेरपी होते) चिठ्ठी मागा.

गटाला चार-पाच कुटुंबं पुरतात. आठवड्यातून एकदा, अंगणवाडी सुटल्यावर तास-दीड तास. तिथे नवे व्यायाम शोधायचे नाहीत. थेरपिस्टने दाखवलेलेच आंघोळीत, जेवणात, खेळात कसे बसवायचे ते ठरवायचं. दहा गोष्टी सांगितल्या की घरी एकही होत नाही, म्हणून आठवड्याला एकच. उदाहरणार्थ भरवणं: मूल आडवं नको, पाठ आणि पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्यावरच पुढचा. आडवं ठेवून भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांनाच दाखवा, तो गटाचा विषय नाही. चाकांचा वॉकर कुणी भेट दिला तरी वापरू नका.

एकट्या आईवर सगळं पडलं की गट मोडतो. महिन्यातली एक बैठक रविवारी, वडील आणि आजीसह घ्या. यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे) अर्ज सगळ्यांचे एकत्र भरा आणि जिल्ह्याला एकाच गाडीने जा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १ लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमाही काढा.