बेकोमन म्हणजे बिकम नव्हे: माझा वाया गेलेला अर्ज

तुम्ही लिहिलंय की जर्मनमध्ये 'मला डॉक्टर व्हायचंय' म्हणताना इंग्रजी बिकमसारखं वाटणारं बेकोमन (खरा अर्थ मिळणं) वापरलं आणि त्याचा अर्थ 'मला डॉक्टर मिळायला हवा' असा झाला, आणि विचारलंय की शब्दांची मुळं शोधून फायदा होतो का. वाचून माझं जुनं दुखणं वर आलं म्हणून लिहितेय.

मला फटका बसला यूबरझेन या शब्दाने. नोकरीच्या अर्जात मला लिहायचं होतं की तीन प्रोजेक्टांच्या टेस्टिंगवर देखरेख केली. इंग्रजीत ओव्हरसी, जर्मनमध्ये यूबर आणि झेन, तुकडे अगदी तेच, मी बिनधास्त लिहिलं. पण जर्मनमध्ये त्याचा अर्थ नजरेतून सुटणं. म्हणजे तीन प्रोजेक्टांचं टेस्टिंग माझ्या नजरेतून सुटलं असं मीच लेखी दिलं! लाइटन (नेतृत्व करणं) किंवा बेट्रॉयन (जबाबदारी सांभाळणं) लिहायला हवं होतं. आणि राग याचा की तो अर्ज मी पैसे भरून एका ऑफिसातून तपासून घेतला होता, त्यांनी स्वल्पविराम दुरुस्त केले आणि हे वाक्य तसंच ठेवलं. विचारायला गेले तर म्हणे आम्ही फक्त व्याकरण बघतो. मग पैसे कशाचे घेता? नोकरी गेली ती गेलीच.

माझं मत (मी भाषातज्ज्ञ नाही, चौदा वर्षं जर्मनमध्ये काम करतेय एवढंच): मुळं जरूर शोधा, पण आधी आजचा अर्थ बघून मग. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या ट चा जर्मनमध्ये बहुतेकदा त्स होतो, टेन-त्सेन, टंग-त्सुंग, हे नियम नातं सांगतात, अर्थ सांगत नाहीत. टिंबर (इमारती लाकूड) आणि त्सिमर मुळात एकच, पण त्सिमर म्हणजे खोली. टाउनचं भावंड त्साउन म्हणजे कुंपण, आणि डच लोकांकडे तोच शब्द बागेसाठी. मुळात कुंपण घातलेली जागा, मग एकाने कुंपण धरलं, एकाने बाग, एकाने अख्खं गाव. असं कळलं की शब्द विसरत नाही, म्हणून मला हे फार आवडतं. गिफ्टचंही तसंच, मूळ अर्थ देणं, ग्रीक-लॅटिन डोसिसचाही अर्थ देणं, मग दिलेली औषधाची मात्रा, त्या वळणाने जर्मनमध्ये ते विष झालं, पण हुंड्याला अजून मिटगिफ्टच म्हणतात.

आपल्याला हे नवं नाही खरं तर, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि राजीनामा म्हणजे तडजोड. तिथे आपण सावध असतो ना, तेवढंच जर्मनमध्ये राहा.

डीडब्ल्यूडीएस नावाची जर्मन शब्दकोशाची फुकट साइट आहे, शब्दाचा अर्थ, वापर आणि व्युत्पत्ती एकाच पानावर मिळते. आणि अर्ज पाठवायच्या आधी जर्मन मातृभाषा असलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, पाच मिनिटं लागतात.