वाचक विचारतात : मॉडेल रेल्वे इंजिनाचा जुना रंग उतरवताना

प्रश्न : एचओ मापाचं (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं) जुनं डिझेल इंजिन घेतलंय, बॉडी प्लास्टिकची. आधीच्या मालकाने ब्रशने इतका जाड रंग फासलाय की दारांच्या फटी आणि जाळ्या बुजल्यात. बोहरी आळीतून थिनर आणलाय. त्यात बुडवू का? (कसबा पेठ)

उत्तर : अजिबात नको. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘थिनर’ म्हटलं की बहुधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर हातात पडतो. तो रंगाबरोबर पॉलिस्टायरिन आणि एबीएस ही बॉडीची प्लास्टिकंही विरघळवतो. रिव्हेटचे ठिपके आणि कडा आधी जातात, रंग नंतर. आणलाच आहे तर लॅकर (पटकन सुकणारा रंग) मारल्यावर एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार) धुवायला ठेवा.

तुम्हाला हवं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट बोर्ड पुसायला वापरतात तेच. आधी बॉडीच्या आतल्या बाजूला कापसाच्या काडीने लावून दहा मिनिटं थांबा. प्लास्टिक चिकट किंवा मऊ झालं तर तिथेच थांबायचं.

बॉडी चासीवरून (खालच्या सांगाड्यावरून) काढताना स्क्रू दिसले नाहीत तर ती खटक्यांवर बसलेली असते. दोन्ही बाजूंनी दोन-दोन टूथपिक सरकवून फट धरून ठेवा आणि मग वर उचला. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं की कडेला कायमचा खड्डा. काचा, कपलर (डबे जोडायचा आकडा), हँडरेल, दिव्यांचा बोर्ड सगळं बाहेर. कागदावर इंजिनाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी सेलोटेपने चिकटवा. वाटीत टाकलेले स्क्रू नंतर सगळे सारखेच दिसतात.

वीसेक सेंटिमीटरच्या बॉडीला लांबट डब्यात पाऊण लिटर तरी लागतं. झिपच्या जाड पिशवीत घातली तर निम्म्यात भागतं. दर वीस मिनिटांनी पाहा. रंग आधी सुरकुततो, मग दुधावरची साय सरकावी तसा सरकतो. तेव्हाच मऊ टूथब्रश चालवायचा. जाळीवर तिच्या पट्ट्यांच्या दिशेनेच, आडवा नाही. कोपऱ्यांत तिरकी कापलेली टूथपिक. सुईला हात लावू नका, तिचा ओरखडा नव्या रंगाखालूनही दिसतो. राहिलेल्या रंगावर जोर करण्यापेक्षा ताज्या अल्कोहोलमध्ये पुन्हा भिजवलेलं बरं. मात्र एका रात्रीपेक्षा जास्त नको, जुनं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. हे सगळं उघड्या गॅलरीत, गॅस आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब.

हाताने फासलेला रंग ऑइल पेंट असेल तर अल्कोहोलला दाद देणार नाही. मग डेटॉल, पाणी न घालता, रात्रभर. इथे बहुतेकांची फसगत धुताना होते. बॉडी थेट नळाखाली धरली की डेटॉल पांढरं होतं आणि सुटलेला रंग डांबरासारखा घट्ट होऊन जाळ्यांत बसतो. म्हणून पहिलं धुणं ताज्या डेटॉलमध्येच, ब्रशसकट; दुसरं अल्कोहोलमध्ये; साबण-पाणी शेवटी. ब्रेक ऑइलचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. रंग निघतो, पण प्लास्टिक ठिसूळ होण्याची भीती असते, आणि हातालाही ते बरं नाही.

प्रश्न : धातूच्या बॉडीला कॉस्टिक सोडा चालेल? (चिंचवड)

उत्तर : ओतीव बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि कॉस्टिक जस्तालाही खातो, ॲल्युमिनियमलाही. पितळी इंजिनाला मात्र वर नाकारलेला एनसी थिनर चालतो. डाखाचे जोड टिकतात, चिकटवलेले भाग सुटू शकतात, म्हणून गाळणीत धरून बुडवा. नंतर पितळाला उघडं बोट लागू देऊ नका. त्याच दिवशी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा अस्तराचा रंग.

प्रश्न : जुलैत काळा लॅकर मारला, सुकल्यावर राख फासल्यासारखा पांढुरका झाला. रंग खराब होता का? (कोथरूड)

उत्तर : रंग नाही, हवा. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि पावसाळी हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. बरेचदा रिटार्डर (थिनरचं उडणं मंदावणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला की थर पुन्हा ओला होऊन पांढरेपणा जातो. हलकाच बरं का, नाहीतर थिनर खालचं प्लास्टिक खाईल. पुढच्या वेळी रिटार्डर आधीच मिसळा, किंवा चार दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबा. पुण्याच्या मे महिन्यात नेमकं उलटं होतं : रंग हवेतच सुकतो आणि बॉडीवर पिठासारखा खरखरीत बसतो. तेव्हा एअरब्रश जवळ आणा, रंग थोडा पातळ करा. ०.३ मिमीच्या नोझलला हवेचा दाब १५ ते २० पीएसआय पुरतो. दोन रंगांचा पट्टा असेल तर फिका रंग आधी. लाल रंगावर पिवळा चढवायला जाल तर थरच थर द्यावे लागतील.

प्रश्न : ‘मध्य रेल्वे’ आणि ‘पुणे’ ही अक्षरं घरच्या प्रिंटरवर छापता येतील? (घोरपडी)

उत्तर : काळी अक्षरं फिक्या रंगावर, हो. पांढरी किंवा पिवळी गडद रंगावर, नाही : घरचा इंकजेट पांढरा छापत नाही आणि पारदर्शक कागदावरचा पिवळा गडद रंगात बुडून जातो. त्यासाठी पांढऱ्या टोनरची छपाई शोधावी लागेल. मापही आधी तपासा. खऱ्या इंजिनावर ३०० मिमी उंचीचं अक्षर १:८७ मध्ये साडेतीन मिमीचंही भरत नाही, आणि एवढ्यात ‘ध्य’चा जोड मिटतो. जाड ठशाचा फाँट घेऊ नका. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, तेव्हा छापल्यावर आधी क्लिअरचे (रंगहीन वार्निशचे) दोन हलके हात.

डेकल (अशी छापलेली, पाण्यात भिजवून सरकवायची अक्षरं) कायम चकचकीत थरावर लावा. मॅटच्या खरबरीत अंगावर खाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी चौकोन उमटतो. उमटलाच तर बारीक सुईने दोन-तीन भोकं पाडून डेकल सॉफ्टनरचा थेंब सोडा. (हो, इथे सुई चालते.) मॅट वार्निश सगळ्यात शेवटी.

प्रश्न : रंगवून झालं, पण दिवा लावला की अख्खं नाक आतून उजळतं. (सहकारनगर)

उत्तर : बॉडीचं प्लास्टिक फिकं असणार. आतून एक हात काळा, फक्त दिव्याच्या खोबणीत चंदेरी. काचा बसवायच्या आधी करा.