लाल दार, चिऱ्याची भिंत

प्रश्न : काकी, आमचं डिचोलीचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. पुढच्या भिंतीला गिलावा नाही, जांभ्या दगडाचे चिरे तसेच उघडे ठेवलेत. समोर बालकांव, म्हणजे पुढची पडवी, तिच्या दोन बाजूंना सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. दार दोन झडपांचं, सागवानी. त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे किती हात बसलेत देव जाणे, आता पापुद्रे सुटतायत. पुण्याच्या नणंदेने लाल दारांचे फोटो पाठवले आणि मी लालवरच अडून बसलेय. सासूबाई म्हणतात, सागाला रंग कसला लावता, पॉलिश करा. चवथीआधी काम उरकायचंय. काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी चवथीचं बघू, कारण रंगाहून ते जास्त निकडीचं आहे. तुमचं पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं. म्हणजे तुम्ही ऐन पावसात ऑइलपेंट मारायला निघालात. नका मारू. मी एकदा मारलाय. फोंड्याच्या आमच्या घराला, चवथ आठवड्यावर आली असताना, दोन दिवस ऊन पडलं म्हणून. रंगाऱ्याने सांगितलं, उद्या सुकेल. तो उद्या काही आलाच नाही. गणपती आत आले तेव्हा दार चिकट होतं, आणि वर बांधलेल्या तोरणाचं एक पान चौकटीला असं बसलं की काढताना रंग घेऊन आलं. त्या पानाचा ठसा उजव्या बाजूला अजून आहे. नंतर दोनदा दार रंगवलं, तेवढा तुकडा मी घासू दिला नाही.

ऑइलपेंट हाताला सुकला म्हणजे आतून सुकला असं नसतं. चांगल्या कोरड्या हवेतसुद्धा एका हातानंतर रात्र जाऊ द्यावी लागते आणि पुरता कडक व्हायला आठवडाभर लागतो. आपल्या गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लाकूड त्या दिवसांत पाणी पिऊन फुगलेलं असतं. त्याच्यावर रंगाचं झाकण घातलं की दिवाळीनंतर आतलं पाणी बाहेर पडायला बघतं आणि रंगाला फोड येतात. यंदाच्या चवथीला दार धुऊन पुसा, कडी-कोयंडा चकचकीत करा, तोरण बांधा. रंगाऱ्याला नोव्हेंबरचा शब्द द्या.

आता लाल. नणंदेने पाठवलेल्या फोटोंत भिंत कसली आहे ते एकदा नीट बघा. पांढरी असणार, नाहीतर राखाडी. तुमची भिंत चिऱ्याची आहे. चिऱ्याला तांबूस रंग येतो तो लोहामुळे, आणि दुकानातला मातकट लालही लोहाच्या गंजाचाच. दोघे सख्खे भाऊ. एकाला दुसऱ्यासमोर उभं केलं तर लांबून दार दिसतच नाही, भिंतीत भोक पडल्यासारखं वाटतं. भडक टोमॅटो-लाल घेतलात तर दिसेल, पण पावसात चिरा काळपट होतो, त्यावर शेवाळ चढतं, आणि मग ते दार जत्रेतल्या दुकानासारखं दिसतं. त्यातून भडक लाल उन्हात फार लवकर विटतो. काव आणि पिवळी माती विटत नाहीत, कारण तो रंग मुळात मातीचाच.

मला कोणी विचारलंच तर मी चिऱ्याच्या भिंतीला गडद मोरपंखी सांगेन. तांबूस शेजारी निळा-हिरवा आला की दोन्ही उजळतात. पण तुम्ही लालवर अडून बसलायत, आणि दार तुमचं आहे. तर एक युक्ती सांगते.

पणजीला फोंताईन्यासमधून, त्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वाड्यातून, जाताना थोडं थांबून बघा. भिंती पिवळ्या, निळ्या, काव लावलेल्या. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, म्हणून लोकांनी घरं रंगीत केली असं सांगतात. पण दारं-खिडक्यांभोवती बघा : बहुतेक ठिकाणी पांढरा पट्टा. दार उठून दिसतं ते त्या पट्ट्यामुळे. रंग कुठला का असेना, त्याला कड मिळाली की डोळा तिथे जाऊन टेकतो. आपल्या जुन्या देवळांतल्या कावी कामातही तेच, लाल काव खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केलेला. तेव्हा चौकटीभोवती सहा इंच रुंद गिलाव्याचा पट्टा काढून घ्या, त्याला पांढरा चुना द्या, आणि आत दार कावेच्या लाल रंगाचं. चिरा आणि लाल यांच्यामध्ये पांढरा आला की भाऊ भांडत नाहीत.

सासूबाईंचं काय? त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चौकटीवर गणेशपट्टी असेल, नक्षी असेल, तर त्यावर रंगाचे थर म्हणजे नक्षीचे डोळे बांधणं. ती पट्टी आणि चौकट खरवडून पॉलिश करा, झडपा रंगवा. दोघींचं राहिलं. फक्त आतलं मेलामाइन पॉलिश बाहेर लावू देऊ नका, ते तडकतं. जवसाचं तेलही नको, आपल्या हवेत त्याच्यावर बुरशी धरते आणि साग काळा पडतो. बाहेरच्या लाकडासाठीचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मागा.

खरवडताना एक जपा. तुमच्या दारावरचे आतले थर जुने आहेत. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) वर नसावं हा नियम लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या ऑइलपेंटात ते असू शकतं. सुका पॉलिशपेपर फिरवून घरभर धूळ करू नका, ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नका. रिमूव्हर लावून खरवडा, पेपर मारायचा तो पाण्याबरोबर, पोरांना दोन दिवस मामाकडे पाठवा.

रंग किती आणायचा तेही सांगते, नाहीतर दुकानदार चार लिटरचा डबा गळ्यात मारतो. सात फूट गुणिले साडेतीन म्हणजे साधारण पंचवीस चौरस फूट. दोन्ही बाजू, दोन हात : शंभर. एक लिटर पुरतो. प्रायमर वेगळा. आणि रंगाऱ्याला झडपा उतरवायला लावा. दाराची वरची आणि खालची कड कोणी रंगवत नाही, कारण ती दिसत नाही. पाणी तिथूनच शिरतं. जूनमध्ये दार अडकायला लागतं ते बहुधा ह्या आळसामुळे, आणि मग मेस्त (सुतार) बोलावून चांगलं लाकूड रंध्याने तासून टाकतो आपण.

उंबऱ्याला मात्र रंग नको. पाय पडतात, हळद-कुंकू पडतं, महिन्यात रंग उडतो.

प्रश्न : आमचं घर हरमलला, समुद्र पाच मिनिटांवर. पांढऱ्या दाराला पितळी कडी आणि हाताच्या आकाराची ठोकणी हौसेने लावली, दोन महिन्यांत हिरवी पडली. स्क्रूंखालून गंजाचे ओघळ आलेत. दुकानदार म्हणतो खारी हवा आहे, काही होणार नाही. काढून टाकू का?
— एक वाचक, हरमल

उत्तर : काढू नका, पांढऱ्या दारावर ती ठोकणी किती छान दिसत असेल! तिचा दोष नाहीच. गंज पितळेला येत नाही, ओघळ आलेत ते लोखंडी स्क्रूंचे, बहुधा वरून पितळेचा मुलामा दिलेले. चुंबक लावून बघा, चिकटला तर समजा. ते सगळे काढून पितळीच बसवा, किंवा स्टीलचे हवे असतील तर 316 नंबरचे मागा. साध्या 304 पेक्षा त्यात मॉलिब्डेनम जास्तीचं असतं, म्हणून मिठाच्या हवेत ते टिकतात. महाग आहेत, पण आठ-दहाच तर लागतात.

हिरवेपणाला चिंच. कोळ लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, घासायचं आणि लगेच गोड्या पाण्याने धुवायचं. हे शेवटचं विसरलात तर चिंचेचं आंबट तिथेच राहून पुन्हा काळं करतं. कोरडं झालं की मेणाचा पातळ हात. लॅकर मारून देतो असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणेन. समुद्राकाठी त्याला एक चीर पडली की आत खार शिरतो, आणि मग चिंचही पोचत नाही. माझी एक मावशी दर शनिवारी कडी घासायची. तुमच्याकडे इतकं जमत नसेल तर पंधरा दिवसांनी एकदा.

आणि एक विचारू? पत्रात तुम्ही लिहिलंय की दाराजवळ दोन पितळी दिवे, अझुलेजूवर (रंगवलेल्या पोर्तुगीज फरशीवर) नाव, कुंडी आणि वारा आला की वाजणारे शिंपलेही आहेत. ठोकणी बोलत असताना बाकीच्यांना थोडं गप्प करता आलं तर बघा. मी शिंपले आत नेले असते.

प्रश्न : दार पश्चिमेला आहे, दुपारी दोनपासून ऊन. मुलाला काळं दार हवंय, वास्तूप्रमाणे चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : वास्तूतलं मला कळत नाही, उन्हातलं कळतं. काळा रंग ऊन पितो. एप्रिलमध्ये त्या दारावर हात ठेववणार नाही, झडप बाक काढेल, सांधे उघडतील. पुढे चांगला तीन-चार फुटांचा पाखा असेल तर एकवेळ चालेल, पण पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, पाख्याखालून सरळ आत. मुलाला म्हणावं, आतली बाजू काळी कर. बाहेर पिवळी माती किंवा फिकट राखाडी द्या. शेडकार्डवर बोट ठेवून ठरवू नका. फूटभर प्लायवुडला दोन हात मारून दाराला टेकवून ठेवा. सकाळी, चार वाजता आणि रात्री ट्यूबलाइट लावल्यावर बघा. रात्रीच्या पाहणीत निम्मे रंग गळतात.

प्रश्न : ताळगावला फ्लॅट आहे. सोसायटीत सगळी दारं तपकिरी, बदलायला परवानगी नाही. काहीतरी सुचवा.
— एक वाचक, पणजी

उत्तर : बाहेरचं तपकिरी राहू द्या. दार उघडल्यावर दिसते ती झडपेची जाड कड आणि आतली बाजू तुमची, तिच्यावर सोसायटीचा नियम बहुधा नसतो, तरी सचिवांना विचारून घ्या. कड हळदी पिवळी करा. दार बंद असताना कोणाला पत्ता लागणार नाही, पाहुणा आत येताना मात्र हमखास थबकतो.