स्टेक नाइफचा सेट: सरळ धार की दातेरी?

प्रश्न: आमच्याकडे सहा स्टेक नाइफचा सेट आहे, सरळ धारेचा. आणला तेव्हा मस्त चालायचा, पण वर्षभरात पार बोथट झाला, आता मांस कापलं जात नाही, ओढून फाटतं. नवीन घ्यावा म्हणतोय. एकजण म्हणतो दातेरीच घे, दुसरा म्हणतो दातेरीला हातसुद्धा लावू नको. आणि मूठ लाकडी घ्यावी की प्लास्टिकची?

उत्तर: सुऱ्यांना दोष द्यायच्या आधी जेवायच्या प्लेटकडे बघा. किचनमधली सुरी बोर्डवर चालते, स्टेक नाइफचं नशीब असं की दर घासाला ती थेट चिनीमातीवर घासते. बोर्ड जरा दबतो, प्लेट दबत नाही, मग दबते ती धार. म्हणजे कितीही भारी सेट घेतलात तरी सरळ धार उतरणारच, प्रश्न फक्त किती दिवसांनी एवढाच.

दातेरीवाले म्हणतात त्यात तथ्य इथेच आहे. दातेरी सुरीची फक्त टोकं प्लेटला टेकतात, मधल्या खाचा वर राहतात त्यामुळे त्यांची धार टिकते आणि सुरी वर्षानुवर्षं काही न करता चालते. पण ती करवतीसारखी कापते, मांसाचे धागे विसकटतात, काप गुळगुळीत येत नाही, आणि एकदा का बोथट झाली की साध्या दगडावर धार लावता येत नाही, खाचेत बसेल असा गोल निमुळता रॉड लागतो आणि एकेक खाच घासत बसायचं, ते कोण करतंय! त्यातही अगदी बारीक करवतीसारखे दाते असलेल्या असतात ना, त्या घेऊच नका, त्यांना परत धार लावणं जवळपास अशक्यच. मोठ्या गोलसर खाचांच्या त्यातल्या त्यात बऱ्या.

माझं मत विचाराल तर सरळ धार. धार लावायचा कंटाळा नसेल तरच हं. दर बाजूला साधारण 15 ते 20 अंशाचा कोन धरून दगडावर फिरवली की सुरी परत नव्यासारखी. धार लावायचाच कंटाळा असेल तर मुकाट्याने दातेरी घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

स्टीलच्या बाबतीत एका आकड्याला भुलू नका, 18/10. म्हणजे 18 टक्के क्रोमियम, 10 टक्के निकेल. चमचे-काट्यांना हे स्टील झकास, चकाकतं, सहसा गंजत नाही, पण तापवून पाणी दिलं तरी ते कडक होत नाही, त्यामुळे पात्याला बेकार. काही पात्यांवर एक्स 50 सीआरएमओव्ही 15 असं लांबलचक काहीतरी कोरलेलं दिसेल, त्यातला 50 म्हणजे सुमारे 0.5 टक्के कार्बन आणि 15 म्हणजे सुमारे 15 टक्के क्रोमियम. कार्बनमुळे कडकपणा येतो, क्रोमियममुळे गंज लांब राहतो, टेबलावरच्या सुरीला अजून काय पाहिजे? पात्याची लांबी 11 ते 13 सेंटीमीटर पुरे.

मुठीचं म्हणाल तर लाकडी हातात धरायला छान वाटते, पण डिशवॉशरमध्ये टाकायची नाही. मी टाकल्यात, म्हणून सांगतोय. काही महिन्यांत लाकूड पांढरं पडलं, मग रिव्हेटजवळ, म्हणजे मूठ पात्याला जोडणाऱ्या खिळ्यांजवळ, चीर, मग त्या चिरीत जेवणाचा काळपट राप बसला आणि शेवटी चारच्या चार सुऱ्या टाकून दिल्या. हाताने धुऊन लगेच पुसणार असाल तर लाकडी, नाहीतर प्लास्टिकची. दोन्हींत पात्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असावं. आणि घेताना रिव्हेटवरून नख फिरवून बघा, कुठे अडकलं तर तिथे घाण साचणार हे नक्की. वजन मात्र ज्याच्या त्याच्या हाताचं, त्यात मी पडत नाही.

आता तुमच्या जुन्या सेटचं. त्यातली एक सुरी दिव्याखाली धार वर करून धरा, धारेवर पांढरी चमकती रेघ दिसली तर तेवढी धार गेलीये एवढंच, पातं ठणठणीत आहे. त्या एकीलाच धार लावा, आठवडाभर वापरा, आणि जमलं तर बाकी पाच दगडावर घ्या, नवीन सेटचं नंतर बघू.